‘आघाडीवर’ नेमकं कोण? शब्द मोजण्याआधी एवढं करा

वर्तमानपत्रांच्या भाषेवर संशोधन करायचं डोक्यात आहे? मग आधी माझी फजिती ऐका.

मी एम.एस्सी. संख्याशास्त्राची. १९७१ च्या मराठी बातम्यांत युद्धाची भाषा कधी वाढली हे मोजायचं ठरवलं आणि शब्द निवडला ‘आघाडी’. अर्थ उघडच वाटला: जिथे लढाई चालते ती जागा. प्रोग्रॅम लिहिला, महिन्यावार आलेख काढला. डिसेंबरात उंचवटा येणार हे माहीतच होतं. पण तो मार्चमध्येही आला! २५ मार्चला ढाक्यात पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू झाली होती. म्हणजे आपली वर्तमानपत्रं तेव्हापासूनच युद्धाच्या भाषेत बोलू लागली! निष्कर्ष तयार.

सुट्टीत वणीला घरी आले, तेव्हा आजोबांना कौतुकाने हे सांगितलं. ते म्हणाले, “अगं, मार्चात इलेक्शन होतं. आणि वाडेकरची टीम वेस्ट इंडिजला होती. तू कुठली आघाडी मोजलीस?”

मी गप्प. कारण ओळी वाचल्याच नव्हत्या, फक्त मोजल्या होत्या.

आता त्या एका वर्षात हा शब्द किती कामं करतो ते बघा.

१. रणभूमी: ३ डिसेंबरपासून पश्चिम आणि पूर्व अशा दोन आघाड्यांवर युद्ध झालं. १६ तारखेला ढाक्यात शरणागती, १७ ला पश्चिमेकडे युद्धबंदी.

२. पक्षांची एकजूट: १ ते १० मार्चच्या लोकसभा निवडणुकीत संघटना काँग्रेस, जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि संयुक्त समाजवादी पक्ष यांनी इंदिरा गांधींविरुद्ध आघाडी केली होती.

३. पुढे असणं: मतमोजणीत उमेदवार आघाडीवर असतो. त्याच मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी जिंकून भारताने मालिकेत १-० अशी आघाडी घेतली.

४. रूपक: ९ ऑगस्टच्या भारत-सोव्हिएत कराराला कुणी ‘राजनैतिक आघाडीवरचं यश’ म्हटलं, तर ते युद्धाच्या खात्यात धरायचं की नाही?

आणि जुना अर्थ तर आमच्या दारातलाच. आघाडी-पिछाडी म्हणजे चालत्या फौजेचा पुढचा आणि मागचा भाग. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजेची वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी लढाई झाली, तेव्हा मोगलांच्या आघाडीवर इखलासखान होता. इथे आघाडी म्हणजे जागा नाही, माणसं.

खरी गोम ‘आघाडीवर’ या एका रूपात आहे. ही मीच बनवलेली तीन वाक्यं वाचा: ‘जवान आघाडीवर रवाना’, ‘काँग्रेसचा उमेदवार आघाडीवर’, ‘पंतप्रधानांची आघाडीवर टीका’. शब्द तोच, प्रत्यय तोच, अर्थ तीन. व्याकरण इथे सोडवत नाही. शेजारचे शब्द सोडवतात. जवान, उमेदवार, टीका हे शब्द झाका, मग तुम्हालाही सांगता येणार नाही.

मग करायचं काय?

पहिलं, शब्दाची सगळी रूपं शोधा. ‘आघाडी’ एवढंच टाकलं तर ‘आघाड्या’, ‘आघाड्यांवर’ सुटतात, कारण अनेकवचनात ‘डी’चं ‘ड्या’ होतं. माझी तर दोन आघाड्यांवरचं युद्ध सांगणारी वाक्यंच सुटली होती!

दुसरं, प्रत्येक वापर आजूबाजूच्या आठ-दहा शब्दांसकट काढा आणि त्यातला नमुना हाताने वाचा. कंटाळा येतो, पण इथेच विषय कळतो.

तिसरं, अर्थांची यादी आणि नियम आधी लिहून ठेवा. रूपकाचं काय करायचं हे आलेख बघून ठरवलंत, तर ती स्वतःचीच फसवणूक आहे.

चौथं, तोच नमुना दुसऱ्या कुणाकडून वर्गवारी करून घ्या. दोघांचं किती जुळतं हे मोजायला कोहेनचा कॅपा (१९६०) आहे. नुसती टक्केवारी पुरत नाही, कारण काही उत्तरं योगायोगानेही जुळतात. कॅपा तो भाग वजा करतो.

हे सगळं केल्यावर माझ्या नमुन्यातला मार्चचा उंचवटा जवळजवळ सपाट झाला. डिसेंबरचा मात्र आणखी चढला, कारण ‘आघाड्या’ आता सापडल्या. निष्कर्ष गेला, चार महिने गेले. प्रबंधात ते प्रकरण आता ‘आघाडी’च्या अर्थांवर आहे.

तुमचा शब्द कोणता? ‘मोहीम’, ‘हल्ला’, ‘कूच’? आज त्याची पन्नास वाक्यं काढा आणि घरातल्या थोरल्या माणसासमोर बसून वाचा. प्रोग्रॅम उद्या लिहा.