रंग उतरला, मीठ राहिलं

उन्हाळ्यात येरळेचं कोरडं पात्र पाहत वडूजला वाढलेल्या माणसाला पाण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. ही नदी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेत मिसळते. त्याच कृष्णेला पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा भेटते. ती येते इचलकरंजीवरून. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे गावाचं वस्त्रनगर झालं. मागावरचं कापड रंगाला गेलं, की पाण्याचा प्रश्न उभा राहतो.

किलोभर सुती कापड धुऊन, रंगवून, पुन्हा धुऊन काढायला साधारण शंभर लिटर पाणी लागतं. १९५६ मध्ये बाजारात आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात, म्हणून कापड विटत नाही. पण टाकीतले काही रंगरेणू धाग्याऐवजी पाण्याशीच जोडले जातात. ते निकामी होतात आणि सांडपाण्यातून बाहेर पडतात. कापडावर टिकावा म्हणून घडवलेला रंग नाल्यातही टिकतो. गडद पाण्यात ऊन शिरत नाही, त्यामुळे पाणवनस्पती खंगतात. कापडातून सुटलेली खळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते.

हे पाणी शुद्ध करताना आधी त्याचा सामू ठीक करतात. मग चुना, तुरटी किंवा फेरस सल्फेट टाकून गाळ खाली बसवतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असल्याने तो एवढ्याने सुटत नाही. पुढचं काम जीवाणूंचं. अ‍ॅझो प्रकारच्या रंगात नायट्रोजनच्या दोन अणूंमधला बंध रंग देतो. प्राणवायू नसलेल्या टाकीत जीवाणू तो तोडतात आणि पाणी नितळ दिसू लागतं. खरी सावधगिरी इथेच हवी. बंध तुटल्यावर अ‍ॅरोमॅटिक अमाइन उरतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक असतात. म्हणून लगेच पुढे हवा खेळवलेली टाकी लागते. तिथे दुसरे जीवाणू त्यांचं विघटन करतात.

झाडांनाही हे काम जमतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या जीवरसायनशास्त्राच्या संशोधकांनी, डॉ. संजय गोविंदवार यांच्या सहभागाने, कापड उद्योगाचं सांडपाणी फुलझाडांच्या वरंब्यांना देऊन पाहिलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३० दिवसांत गलांड्याच्या वरंब्यातला रंग ७३ टक्के, तर झेंडूच्या वरंब्यातला ५९ टक्के कमी झाला. आपल्या बांधावरची ही फुलं. त्यांच्या मुळांत असं सामर्थ्य आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तरीही एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे मीठ. रंग पाण्यातून धाग्याकडे ढकलण्यासाठी टाकीत मीठ घालावं लागतं. गडद छटेला ते लिटरमागे ५० ग्रॅमच्याही वर जातं. समुद्राच्या पाण्यात ते ३५ ग्रॅम असतं. चुना, तुरटी, जीवाणू यांतलं काहीही हे मीठ काढत नाही. मीठ जमिनीत साचलं की काय होतं, ते वाळवा-शिरोळकडच्या शेतकऱ्याला विचारा. अतिसिंचनाने क्षारपड झालेली जमीन पुन्हा पिकाखाली आणताना काय सोसावं लागतं, ते तो सांगेल. अशाच सांडपाण्यावरून तमिळनाडूत तिरुप्पूरचे सगळे रंगकारखाने बंद करण्याचा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये दिला. पाणी सूक्ष्म पडद्यातून दाबून गाळायचं, उरलेलं खारं पाणी आटवायचं आणि मीठ पुन्हा वापरायचं, हा खर्चिक मार्ग त्यानंतर तिथे घ्यावाच लागला.

हा खर्च कमी करण्याची पहिली पायरी मात्र साधी आहे. रंगाच्या टाकीतलं पाणी थोडं, पण अतिशय खारं असतं. धुण्याचं पाणी पुष्कळ, पण सौम्य. दोन्ही एकाच गटारात सोडली, की सगळंच पाणी बिघडतं. दोन नळ वेगळे ठेवले, तर आटवायचं पाणी थोडंच उरतं.

खटाव-खानापूरच्या गलाई कारागिरांना हे नवं नाही. गावं सोडून देशभर पांगलेल्या या माणसांचं पोट सोन्यातलं हीण वेगळं काढण्यावर चालतं. सोनाराच्या पेढीतला केर रस्त्याच्या धुळीत मिसळू द्यायचा नसतो, कारण एकदा मिसळलं की वेगळं काढणं महाग पडतं. सोन्याच्या केराला आपण जसं जपतो, तसंच नदीच्या पाण्यालाही जपायला हवं.