‘पॅराबेन-मुक्त’ बाटलीत काय असते?

शाम्पू संपत आला की बाटलीत थोडे पाणी घालायचे, खळखळवायचे आणि आणखी दोन-तीन न्हाणी भागवायची, ही घरोघरची काटकसर. त्याच बाटलीवर ‘पॅराबेन-मुक्त’ असे ठळक छापलेले असेल तर ती घेणारा निर्धास्त असतो. खरे तर काळजी करायची ती त्या पाण्याची.

शाम्पूत मुळातच साधारण 70 ते 80 टक्के पाणी असते. शिवाय वनस्पतींचे अर्क, प्रथिने, बाथरूमची दमट हवा आणि दर वेळी झाकणाला लागणारे ओले हात. जिवाणू आणि बुरशीला आणखी काय हवे? सूडोमोनाससारखे जिवाणू अशा ठिकाणी सहज वाढतात. डोळ्याला किंवा जखमेला त्यांचा संसर्ग झाला तर ते चांगलेच महागात पडते. प्रिझर्व्हेटिव्ह घालतात ते यासाठी. बाटलीत पाणी ओतले की त्याचे प्रमाण घटते आणि वर नवे जंतूही आत जातात.

खोबरेल तेलाला ही अडचण नाही. त्यात पाणीच नसल्याने जंतू वाढत नाहीत; तेल खवट होते ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. शिकेकाई-रिठ्याची पूडही कोरडी असेतोवर महिनोन्‌महिने टिकते. तीच उकळून ठेवली की लवकरच आंबूस वास मारू लागते, म्हणून ती त्या दिवसापुरतीच उकळायची. जुन्या न्हाणीघरात प्रिझर्व्हेटिव्ह लागत नव्हते, त्याचे कारण इतके साधे आहे.

पॅराबेन हे असेच एक प्रिझर्व्हेटिव्ह; ते बदनाम झाले 2004 साली. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातील फिलिपा डार्ब्रे आणि सहकाऱ्यांना स्तनाच्या गाठींच्या 20 नमुन्यांत पॅराबेनचे अंश सापडले. निरोगी ऊतींशी तुलना त्या अभ्यासात नव्हती आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असे त्यातून सिद्धही झाले नाही. तरी शंका अगदीच निराधार नव्हती, कारण काही पॅराबेन प्रयोगशाळेत इस्ट्रोजेनसारखा क्षीण परिणाम दाखवतात. युरोपीय संघाने 2014 मध्ये पाच प्रकारच्या पॅराबेनवर बंदी घातली, प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनची मर्यादा 0.14 टक्क्यांवर आणली आणि मिथिल पॅराबेन 0.4 टक्क्यांपर्यंत चालू ठेवले. हा निर्णय समंजस होता. बाजाराला मात्र एवढा धीर नव्हता.

पॅराबेन काढले, तरी जंतू होतेच. त्या जागी अनेक उत्पादकांनी मिथिलआयसोथायाझोलिनोन, म्हणजे एमआयटी, वापरायला घेतले. थोडक्या वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांकडे मान, कानामागची जागा आणि पापण्या लाल होऊन खाजणारे रुग्ण वाढले. शाम्पूचा फेस ओघळतो तो तिथूनच. अमेरिकेतील त्वचा-ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली एमआयटीला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले. पुढे युरोपने लावून ठेवायच्या प्रसाधनांत त्यावर बंदी आणली आणि धुऊन टाकायच्या उत्पादनांत मर्यादा 100 वरून 15 पीपीएमवर उतरवली. त्याच संघटनेने 2019 मध्ये पॅराबेनला ‘वर्षातला ॲलर्जी न करणारा’ घटक म्हणून गौरवले. ज्याला हाकलले, तोच त्वचेला अधिक सोसणारा निघाला!

इतर प्रिझर्व्हेटिव्हपैकी फॉर्माल्डिहाइड हळूहळू सोडणारे डीएमडीएम हायडँटॉइन किंवा क्वाटर्नियम-15 यांच्याबाबत सावधगिरी रास्त आहे, विशेषतः ज्यांना फॉर्माल्डिहाइडची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट तुलनेने सौम्य, पण शाम्पू पुरेसा आम्लधर्मी असेल तरच त्यांचा प्रभाव पडतो. सगळीकडे चालेल असा एकच निर्धोक पदार्थ अजून तरी नाही.

म्हणून पुढच्या ‘मुक्त’पेक्षा मागची घटकांची यादी वाचावी, प्रिझर्व्हेटिव्हची नावे बहुधा शेवटाकडे असतात. उघड्या डबीच्या चित्रात ‘12 एम’ लिहिलेले दिसले, तर उघडल्यापासून बारा महिन्यांत बाटली संपवावी. मान किंवा पापण्या वारंवार खाजत असतील तर ब्रँड बदलत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी आणि जाताना शाम्पूची बाटली सोबत न्यावी.