हाडं सांभाळताना (भाग ६) : साठ हजारांची पुडी किती आठवडे?

पाळी थांबली की इस्ट्रोजेन ओसरतं आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं सर्वांत वेगानं झिजतात, हे मागच्या भागात पाहिलं. आज ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुडीविषयी. फोंड्यातल्या फार्मसीत ती सहज मिळते. वर ६०,००० आययू छापलेलं असतं. आठवड्यातून एकदा दुधात ढवळून प्यायची.

गोव्यासारख्या उन्हाच्या मुलखात ‘ड’ची कमतरता यावीच कशी? कातडीत ‘ड’ तयार होतं ते अतिनील-बी किरणांमुळे, आणि ते पुरेसे मिळतात साधारण दहा ते तीनच्या उन्हात. सकाळी सातचं कोवळं ऊन त्या कामाचं नाही. आपल्याकडची बाई भल्या पहाटे देवळात जाऊन येते, कुळागरात राबते तीही माडा-पोफळींच्या सावलीत, आणि ऊन डोक्यावर येतं तेव्हा रांधपात किंवा ऑफिसात असते. त्यात चार महिने पावसाचे. सावळी कातडी ‘ड’ सावकाश बनवते, वय वाढलं की आणखीच कमी. तिरुपती तर आपल्याहून दक्षिणेला. तरी तिथंही पाळी गेलेल्या १६४ स्त्रियांच्या तपासणीत दर पाचांपैकी जवळपास चौघींमध्ये ‘ड’ कमी निघालं. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे पुडी लागते, अनेकींना लागते. पण ती कमतरता भरून काढण्यासाठी असते. सहसा आठवड्याला एक, अशी आठ आठवडे. पुढे डॉक्टर महिन्याला एक किंवा रोजची छोटी मात्रा ठरवतात. घोटाळा होतो तो इथंच. कुणी आठवड्याची पुडी रोज घेते, कुणी जुन्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षं आणत राहते. ‘ड’ चरबीत साठतं, जादा झालेलं लघवीवाटे सहज निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं. सारखी तहान, बद्धकोष्ठ, उलट्या, मूतखडा, पुढे मूत्रपिंडांना इजा. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना वर्षातून एकदाच पाच लाख आययू दिले. त्यांची हाडं कमी मोडायला हवी होती. २०१०मध्ये निकाल आला तेव्हा त्यांच्यात अस्थिभंग २६ टक्के जास्त दिसले, पडणंही वाढलेलं.

मुळात ‘ड’चं मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करण्याचं. ताटात कॅल्शियमच नसेल तर पुडी काय शोषून देणार? पाळी गेल्यावर दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० आययू ‘ड’, असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२०चं प्रमाण आहे. कपभर दुधातून सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळतं, शंभर ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास. नाचणीची तिजान आपल्या घरांत होतीच. ती पुन्हा रोजच्या न्याहारीला यावी, असं मला मनापासून वाटतं. मासे खाणाऱ्यांनी तारली मऊ शिजवून बारीक काट्यांसकट खावी, त्यात कॅल्शियम आणि ‘ड’ दोन्ही असतात.

हाडं आधीच ठिसूळ झाली असतील, तर नुसत्या पुडीनं भागत नाही. साध्या पडण्यानं मनगट मोडलं, उंची कमी झाली, पाठीला बाक आला, तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीविषयी डॉक्टरांना विचारा. ठिसूळपणाची औषधं वेगळी असतात. आणि मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पहिली पुडी फोडण्याआधीच रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिॲटिनिन तपासून घ्यावं.