मैदानामागचं मैदान (भाग ६) : करार संपला, आता पुढे?

ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईत प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा लिलाव झाला. त्यात रत्नागिरीच्या अजिंक्य पवारला बंगळुरू बुल्सने १ कोटी १० लाख ७० हजार रुपये मोजून घेतलं. कोकणात त्या दिवशी मोबाइलवर दुसरी बातमी नव्हती. पण बुल्सचा हंगाम पार कोलमडला आणि बारा संघांत ते बाराव्या क्रमांकावर राहिले. पुढच्या हंगामात अजिंक्य दबंग दिल्लीकडून उतरला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असं हरवून चषक उचलला. माणूस तोच, चढाईही तीच. एका वर्षी तळ, दुसऱ्या वर्षी शिखर. आणि या दोन्हींपैकी एकही संघ त्याने स्वतः निवडलेला नव्हता.

गेल्या भागात आपण पाच कोटींच्या पर्समध्ये संघ कसा बसवतात ते पाहिलं. ते मालकाच्या बाजूचं गणित होतं. आज खेळाडूच्या बाजूने बघू. करार संपला की त्याच्या हातात नेमकं काय उरतं?

याबाबतीत सर्वांत मोकळा बाजार अमेरिकेतल्या बास्केटबॉलचा, म्हणजे एनबीएचा. तिथेही हा मोकळेपणा कुणी आपणहून दिला नाही. १९७० मध्ये ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूच्या नावाने खेळाडूंच्या संघटनेने लीगवर खटला भरला. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि एकदा करार केला की जन्मभर त्याच संघाच्या दावणीला, हा प्रकार मोडीत निघाला. १९८८ पासून ठरावीक वर्षं खेळलेला खेळाडू करार संपताच खऱ्या अर्थाने मोकळा झाला. आता उन्हाळ्यात संघच त्याच्या दारी येतात. शहर, प्रशिक्षक, सोबती, पैसा सगळं तोलून तो होकार देतो.

पण निवड आली की दोषही आलाच. जुलै २०१० मध्ये लेब्रॉन जेम्सने टीव्हीवर खास कार्यक्रम करून क्लीव्हलँड सोडून मायामीला जात असल्याचं जाहीर केलं. त्याच रात्री क्लीव्हलँडमध्ये लोकांनी त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या. चार वर्षांनी तो परतला आणि २०१६ मध्ये त्याच शहराला विजेतेपद मिळवून दिलं, तेव्हा जर्सी जाळणारं गावच मिरवणुकीत नाचलं. तिथे खेळाडूचं नाव त्याच्या खेळाइतकंच त्याच्या निर्णयांवरही ठरतं.

आपल्याकडे उलटा कारभार आहे. प्रो कबड्डीत करार संपला की संघ आधी ठरवतो, ठेवायचा की सोडायचा. सोडला की खेळाडू लिलावात. तिथे चार गट असतात आणि गेल्या काही हंगामांत त्यांची मूळ किंमत अशी राहिली आहे : अ गट ३० लाख, ब २०, क १३ आणि ड ९ लाख. पुढे बोली लागेल तशी. कुणाकडे जायचं हे खेळाडूला कुणी विचारत नाही.

यातली एक सोय समजून घेण्यासारखी आहे. ती म्हणजे फायनल बिड मॅच, कबड्डीवाल्यांच्या बोलण्यातलं एफबीएम. समजा, एखाद्या चढाईपटूवर दुसऱ्या संघाने शेवटची बोली लावली. हातोडा पडण्याआधी निवेदक जुन्या संघाच्या टेबलाकडे वळतो. त्या टेबलावरून कार्ड वर झालं, तर तेवढीच रक्कम देऊन जुना संघ आपला माणूस परत नेतो. एनबीएतही तरुण खेळाडूंसाठी असाच नियम आहे, जुन्या संघाला बरोबरी करण्याचा हक्क असतो. फरक एवढाच की तिथे बाहेरच्या संघाच्या प्रस्तावावर सही खेळाडूने स्वतः केलेली असते. इथे तो घरी बसून टीव्हीवर बघत असतो.

म्हणून आपल्याकडे संघ बदलणाऱ्याला कुणी गद्दार म्हणत नाही. चिपळूणचा शुभम शिंदे पुणेरी पलटण, पाटणा पायरेट्स, बंगाल वॉरियर्स असा फिरला, पण चिपळूणकरांच्या लेखी तो आपला उजवा कोपरारक्षकच राहिला. निवड नाही, त्यामुळे दोषही नाही. मात्र त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ज्याला बोलताच येत नाही, त्याच्या वतीने आकडा बोलतो, आणि लिलावातला आकडा फक्त गेल्या हंगामाचं ऐकतो.

चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडी परिसरातून आलेला सिद्धार्थ देसाई हे याचं ठळक उदाहरण. २०१८ मध्ये यू मुंबाकडून पहिल्याच हंगामात त्याने दोनशेच्या वर चढाई गुण घेतले. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले, त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. २०२१ मध्ये त्यांनीच एफबीएम वापरून १ कोटी ३० लाखांत त्याला परत घेतलं. मग खांद्याने दगा दिला आणि भाव कोसळला. २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने पुन्हा एक कोटी दिले, तर २०२४ मध्ये दबंग दिल्लीने २६ लाखांत घेतलं. ज्या खांद्याच्या धक्क्याने तो तिघाचौघांना घेऊन मध्यरेषेपर्यंत यायचा, त्याच खांद्याचा हा आलेख. त्याहून मोठं नाव परदीप नरवालचं. पाटण्याला सलग तीन विजेतेपदं, २०१७ च्या एकाच हंगामात ३६९ चढाई गुण, २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाखांची बोली. २०२५ च्या लिलावात मात्र त्याच्यावर कुणीही बोली लावली नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली.

चढाईपटूचं निदान गुणफलकावर दिसतं. कोपरारक्षकाचं त्याहून अवघड. त्याने घोटा धरला, पण शेजारच्या कव्हरने वेळेवर झेप घेतली नाही तर गुण समोरच्याला. जोडीदार बदलला की चांगल्या पकडपटूचाही आकडा घसरतो, आणि लिलावाच्या कागदावर जोडीदाराचा रकाना नसतो.

कोकणाला याआधीचा बाजारही ठाऊक आहे. लीग सुरू झाली २०१४ मध्ये. त्यापूर्वी गावच्या तांबड्या मातीवर नाव कमावलेला मुलगा मुंबईला जायचा, लालबाग-परळच्या स्पर्धांत खेळायचा आणि व्यावसायिक गटातल्या एखाद्या संघाच्या नजरेत भरायचा. एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र, मध्य रेल्वे, देना बँक. तिथे बोली नव्हती, नोकरी होती. आणि निवड करताना गुणांच्या जोडीला माणसाची माहिती काढली जायची : सरावाला वेळेवर येतो का, पंचांशी हुज्जत घालतो का, हरताना मान टाकतो का. रक्कम लहान होती, पण गुडघा गेला तरी पगार आणि भविष्यनिर्वाह निधी चालू राहायचा. त्या बाजारात वशिला होता, डावलणं होतं, त्याचे गोडवे गाण्याचं कारण नाही. नोकऱ्याही आटल्या. देना बँक तर २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीनच झाली.

तरीही जिल्ह्याच्या संघात धडपडणाऱ्या मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी या दोन बाजारांतला फरक नीट ओळखावा. लिलावात विकला जातो तो एक हंगाम. नोकरी मिळते ती दहा वर्षांच्या वागण्यावर. लीगमध्ये घेतलं म्हणून नोकरीचा अर्ज मागे घेणं, किंवा कोटीची बोली बघून पदवीचं शेवटचं वर्ष सोडणं, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. आणि खेळाडूंनी एकत्र येऊन काही मागायचंच असेल, तर बोली वाढवून मागण्याआधी एक हक्क मागावा : काही हंगाम खेळलेल्याला निदान एकदा तरी आपला संघ स्वतः निवडता यावा. रॉबर्टसनच्या खटल्याच्या मुळाशीही हीच मागणी होती.

पुढच्या भागात : हंगामाच्या मध्यावर दुखापत झाली, तर उपचार कोणाचे आणि कराराची रक्कम कोणाची?