बायकांचे मत भावनेचे, मग पुरुषांचे कशाचे?

विधानसभेचा निकाल लागला की शनवाऱ्यात चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘बायकांनी भावनेच्या भरात मत दिले.’ आपल्या मंडळातही ते बोलले जाते आणि बोलणारे बहुधा पुरुषच असतात. आमची हयात बँकेत गेली, म्हणून हे वाक्य आम्ही आकड्यांपुढे ठेवून पाहिले.

आपल्याकडे लाडली बहना योजनेचे पहिले १००० रुपये १० जून २०२३ रोजी खात्यात आले. मतदानाआधी रक्कम १२५० झाली. १७ नोव्हेंबरला मतदान झाले आणि भाजपला २३० पैकी १६३ जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेत महायुतीला ४८ पैकी १७ जागा होत्या. मग लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० सुरू झाले आणि त्याच नोव्हेंबरात विधानसभेत तिला प्रचंड बहुमत मिळाले. योजनांची नावे, ‘मामा’, ‘भाऊ’ ही संबोधने, सगळी नात्याची. भावनेला हात घातला होता, यात शंका नाही.

पण समोरच्या पक्षांनी जास्त देऊ केले होते! इथे काँग्रेस १५०० म्हणत होती, तिकडे महाविकास आघाडी ३०००. नुसता मोह असता तर मते तिकडे वळायला हवी होती. आम्हाला यात भावनेपेक्षा हिशेब दिसतो. एका बाजूला आश्वासन, दुसऱ्या बाजूला पासबुकात पडलेली नोंद. कोणती सूनबाई नगद सोडून उधारीवर भरवसा ठेवेल?

तरी ‘बायकांनीच सरकार आणले’ हेही सिद्ध झालेले नाही. बूथवरच्या नोंदवहीवरून किती स्त्रियांनी मतदान केले ते कळते, मशीनमधली मते मात्र स्त्री-पुरुष अशी वेगळी निघत नाहीत. कोणी कोणाला दिले याचे अंदाज फक्त पाहणीतून येतात. मध्य प्रदेशात २०२३ साली स्त्रियांचे मतदान सुमारे ७६ टक्के, पुरुषांचे ७८. दोन्ही २०१८ पेक्षा साधारण दोन टक्क्यांनी वाढले होते. श्रेय मात्र एकट्या बहिणींना, आणि टोमणाही त्यांनाच.

पुरुष जातीचा उमेदवार बघतात, ‘आपला माणूस’ म्हणतात, जुना राग काढतात. त्याला राजकारण म्हणायचे?

खरे तर बायकांचे मत नावापासूनच अडले होते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत अनेक स्त्रियांनी नोंदणीला स्वतःचे नावच सांगितले नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी घेऊ नयेत असे ठरवले आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. यात मध्य भारत आणि विंध्य प्रदेशही होते, जे पुढे आपल्या राज्यात आले. १९६२ च्या लोकसभेत स्त्रिया पुरुषांपेक्षा जवळजवळ १७ टक्क्यांनी मागे होत्या. २०१९ मध्ये त्या किंचित पुढे गेल्या.

आपल्या घरांत नावाची अडचण अजून संपलेली नाही. लग्नात तांदळात नवे नाव लिहायचे, पण आधारवर माहेरचे, बँकेत सासरचे आणि मतदार यादीत तिसरेच. काउंटरवर हा घोळ आम्ही वर्षानुवर्षे पाहिला. त्यात आपल्या कितीतरी सुना रावेर, भुसावळ, जळगावच्या. नाव अजून तिकडच्याच यादीत. त्यांनी नव्या मतदाराचा फॉर्म ६ भरू नये. पत्ता बदलायला आणि नाव दुरुस्त करायला फॉर्म ८ आहे, तो आपल्या बीएलओकडे किंवा ऑनलाइन भरता येतो. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला चालत नाही. काही अडले तर १९५० या क्रमांकावर विचारावे, आणि फॉर्मवर नाव कोणते लिहायचे ते सूनबाईंनाच ठरवू द्यावे.