भाड्याचा वन बीएचके सजवताय? आधी दिवे बदला

घर सजवायचं म्हटलं की आपण थेट सोफ्याच्या किमती बघायला लागतो. माझं ऐका, सुरुवात दिव्यांपासून करा. बहुतेक घरांत 6500 केल्विनचे पांढरे एलईडी असतात. त्यात महागडी खोलीसुद्धा दवाखान्यासारखी दिसते. हॉलमध्ये 2700 ते 3000 केल्विनचे पिवळसर दिवे लावा. छताला एकच ट्यूब नको. कोपऱ्यात एक उभा दिवा, टेबलावर एक छोटा. संध्याकाळी तीच खोली ओळखू येत नाही! स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि अभ्यासाला मात्र पांढराच प्रकाश हवा.

मग कापड. सोलापुरी चादर दिवाणावर शोभतेच, पण भिंतीवर टांगली तर वेगळं चित्र लागत नाही. पडदे छताजवळून थेट जमिनीपर्यंत सोडा, खोली उंच वाटते.

लाकडी सामानासाठी मुंबईकरांनी ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार बघावा. पुण्यात पितळी भांडी आणि जुन्या फ्रेम हव्या असतील तर जुना बाजार गाठा. सागवानी खुर्ची मिळाली तर पॉलिश करून वर्षानुवर्षं वापरता येते. स्वस्तातलं पार्टिकल बोर्ड पाणी लागलं की फुगतं.

तुमच्या शहरातला असा एखादा बाजार असेल तर नक्की सांगा.