कोडातला आकडा, बिलातला रुपया



'को 86032' मधला 86 म्हणजे 1986 साल, हे आपणांस ठाऊक आहेच. लोखंडाच्या कोडातला आकडा मात्र थेट खिशाला भिडतो.

गोठ्यासाठी मी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून 12 मीटरच्या 50 सळया घेतल्या. बिल नगावर, कोड 'टीएमटी12'. गाडीत माल मात्र 10 मिलिमीटरचा! जाडीचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला किलो. 12 ची सळई 10.67 किलो, 10 ची 7.41. हिशेबापुरता भाव 60 रुपये धरा. 50 नगांत फरक 9,778 रुपये! दाखवल्यावर बिल बदलून मिळाले.

आता घरी एक्सेलच्या तक्त्यात ए2 मध्ये कोड, बी2 मध्ये भाव लिहून हे सूत्र घालतो (टाइप इंग्रजी अक्षरांत करावे):

=व्हॅल्यू(राइट(ए2,2))^2/162*12*बी2

'राइट' शेवटची दोन अक्षरे उचलते, 'व्हॅल्यू' त्यांचा आकडा करते. म्हणून 8 ची सळई '08' अशीच लिहावी. नाहीतर उत्तर येणार नाही.

उसाचा काटा आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो, तसाच बिलाचा कोडही पाहावा. तक्ता हवा असल्यास गट कार्यालयात जरूर या.

— ऊस विकास अधिकारी